बोटीकडे पाठ

आर्वीहून पुलगावला जाणारी छोटी गाडी इतकी हळू चाले, की निरोप देणाऱ्याची पंचाईत होई. हात हलवून झाले, डोळ्यांना पदर लावून झाला, तरी गाडी आपली समोरच. माझ्या आईला ही गाडी मुळीच आवडत नसे. निरोप एका झटक्यात द्यावा, असं तिचं मत. शिट्टी झाली की तोंड फिरवायचं आणि घराची वाट धरायची. एकदा दादा पुलगावला निघाला होता. आईनं शिट्टीबरोबर आम्हाला वळवलं, पण पायवाट रुळाच्या कडेनंच जाणारी. त्यामुळे तो खिडकीत आणि आम्ही खाली, असे बराच वेळ बरोबरीनं चाललो. दादा दात काढत होता, मी हसू दाबत होते, बाबा खोकल्याचं सोंग करत होते. आई नाकासमोर बघत चालली होती. शेजारून गाडी जातेय हे तिच्या गावीही नव्हतं.

जाणारा माणूस दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे पाहत उभं राहू नये, पाहिलं तर तो परत येत नाही, असा तिचा नियम होता. हा नियम तिनं माहेराहून आणला होता. तिचा थोरला भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला निघाला, तेव्हा तिची आई शिवेवरच्या बांधावर चढून तो ठिपक्याएवढा होऊन नाहीसा होईपर्यंत उभी राहिली होती. तो परत आला नाही. खाणीत काय झालं ते कोणी धड सांगितलं नाही. पण माहेरी त्याचं कारण ठरून गेलं होतं, आणि त्या दिवशी बांधावर आजीचा पदर धरून उभ्या असलेल्या माझ्या आईच्या मनात ते कायमचं बसलं.

दुसरा नियम फड्याचा. फडा म्हणजे केरसुणी. घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्यामागे त्या दिवशी घर झाडायचं नाही. माणूस बाहेर पडल्यावर लगेच घर झाडतात ते फक्त मयत उचलल्यावर. दादा निघायचा तेव्हा वाटेच्या शिदोरीचे चुरमुरे, शेव, कांद्याची टरफलं चुलीपुढे पडलेली असायची. मला घाण खपत नसे. मी फड्याकडे हात नेला की आई हातावर चापट मारायची. मग आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या कचऱ्यातून पाय उचलून चालायचो.

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. शेतात त्याचा जीव रमला नाही. बाबांनी त्याला वखरावर उभं केलं तर तो बैलांशी गप्पा मारत बसायचा. पुढे तो जाम गावच्या चौरस्त्यावर एका हॉटेलात लागला. नागपूरकडून, चंद्रपूरकडून येणारे ट्रक तिथं थांबायचे, आणि त्याच्या हाताला चव होती. आलूबोंड्याची कढई त्याच्याकडे आली. घरी आला की अंगाला तेलाचा वास, आणि तोंडात ट्रकवाल्यांची हिंदी. तिथल्याच एका गिऱ्हाइकानं त्याला मुंबईला एका कँटीनमध्ये नेलं आणि तिथून एक दिवस तो आम्हाला सांगायला आला, की त्याला बोटीवर काम लागलं. बोटीच्या भटारखान्यात.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी हायस्कुलात होते. आमच्या मुलखात बोट म्हणजे वर्धा नदीला पूर आल्यावर माणसं उतरवायचा डोंगा. समुद्र आम्हाला ठाऊक होता तो नकाशातला, आणि तोही शाळेच्या नकाशावर उंदरांनी कुरतडलेला.

"कुठी जाते हे बोट?" आईनं विचारलं.

"कुठीच नाई, माय," दादा म्हणाला. "पैसेवाले लोक हवा खाले बसतेत. या बंदरातून त्या बंदरात फिरतेत, खातेत, नाचतेत, अन् बोट वापस मुंबईलेच येते. तिचं घर तिथंच हाये."

"घरी वापस येते ना?"

"येते म्हंजे? येतेच. पाण्यावरची बैलगाडी समज. संध्याकाळी गोठ्यात."

हे वाक्य आईनं घट्ट धरून ठेवलं. शेजारपाजारी कोणी डोळे मोठे करून समुद्राचं काही बोललं, की ती म्हणायची, बोट घरी वापस येते. मग आपण फार शहाणपणाचं बोललो अशा चेहऱ्यानं सुपातलं धान्य पाखडायला घ्यायची.

दादाला वाटलं होतं, आर्वीच्या स्टेशनावरच निरोप होईल. आई ऐकायला तयार नव्हती. जाणाऱ्याला शिवेपर्यंत पोचवायचं असतं, आणि तिच्या हिशेबानं दादाची शीव आर्वीला नव्हतीच.

"ज्या जागी माणूस जमीन सोडते, ते त्याची शीव," ती म्हणाली. "मी तिथपर्यंत येतो."

बाबांनी पिशवी भरायला घेतली. बाबा तसेही आईच्या ताटाखालचं मांजर. कापसाची पहिली वेचणी आटोपली होती, पुढची काकांच्या भरवशावर टाकली, आणि आम्ही तिघं दादाबरोबर निघालो. आईनं मडक्यात दही लावून घेतलं होतं. मुंबईत दही मिळतं, हे दादानं तिला चार वेळा सांगितलं. ती म्हणाली, ते घरचं नाही. मडकं फडक्यात बांधून तिनं ते पुलगावहून मुंबईपर्यंत मांडीवर नेलं. डब्यात अर्धी माणसं झोपली होती आणि अर्धी त्या दह्याचा वास घेत जागी होती.

समुद्र मी पाहिला तो धक्क्यावरच. धड समुद्र नव्हताच तो, काळपट तेलकट पाणी. आणि त्या पाण्याला लागून बोट. आमच्या आर्वीच्या जिनिंग कारखान्यापेक्षा लांब आणि कितीतरी उंच, पांढरीफेक. मान वर करून पाहताना बाबांची टोपी खाली पडली. आई बोटीकडे पाहतच नव्हती. ती दादाकडे पाहत होती.

त्याच्याबरोबर भटारखान्यातला त्याचा एक सोबती होता, कोकणातला, बुटका, हसरा. तो आईच्या पाया पडला. आईनं तिथंच, हमाल आणि हातगाड्यांच्या गर्दीत, मडकं सोडलं आणि दादाच्या तळहातावर दही-साखर ठेवली. दही इतकं आंबलं होतं की दादाचा एक डोळा आपोआप मिटला.

"कसं लागते?" आईनं विचारलं.

"अमृत," तो म्हणाला, आणि सोबत्याकडे वळून म्हणाला, "तूही घे, नाईतर माय नाराज होईन." सोबत्यानं घेतलं आणि त्याचेही डोळे मिटले. आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली.

मग दादानं आईला नीट समजावलं. भटारखान्यातल्या माणसांना बोट निघायच्या वेळेपर्यंत वर येऊ देत नाहीत. पण त्यानं वरच्याला विचारून ठेवलं होतं. "बोट निघायच्या टायमाले मी मांगच्या बाजूले कठड्यापाशी येतो. पांढरी टोपी हालवतो. पाहजो."

"पाहतो," आई म्हणाली.

पोचवायला आलेल्यांसाठी वर एक लांब सज्जा होता. तिथं आम्ही उभे राहिलो. भोवती सगळी सुटाबुटातली आणि रेशमी साड्यांतली माणसं. आईचं लुगडं आणि बाबांचं धोतर यांच्याभोवती आपोआप थोडी मोकळी जागा झाली होती. बोटीच्या कठड्यांवर प्रवासी गळ्यात हार घालून उभे. बँड वाजत होता. बोटीवरची माणसं रंगीत कागदाच्या फितींची भेंडोळी खाली फेकत होती. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सज्ज्यातल्या नातलगांच्या हातात. एक गुलाबी फीत माझ्या अंगावर पडली. मी तिचं टोक धरलं. दुसरं कोणाच्या हातात होतं, देव जाणे. पण फीत ताणली गेली, म्हणजे तिकडे कोणीतरी होतं. मला फार आनंद झाला. दादा वर आला की त्याला ती फीत दाखवायची, असं मी ठरवलं.

आईचा बेत काय होता, ते मला नंतर कळलं. दादाची टोपी एकदा डोळे भरून पाहायची आणि लगेच पाठ करायची. म्हणजे तिचं पाहणंही होईल आणि नियमही राहील. दादा अजून कठड्यापाशी आला नव्हता. मी मागच्या टोकाकडे डोळे लावून होते. शिडी ओढून घेतली गेली. आणि बोटीचा भोंगा झाला.

तो आवाज कानांत नाही, पोटात शिरला. सज्ज्याचे खांब थरथरले. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझा दंड धरला.

"चला."

"माय, दादा अजून नाई आला," मी म्हटलं.

"भोंगा झाला. आता निघाली. आता पाहाचं नाई."

बाबा म्हणाले, "हालली नाई व अजून."

"शिट्टी झाली का गेलीच," आई म्हणाली. "तुमी डोळे लावून बसा, अन् मंग मले सांगा का वापस कोन आनते."

बाबांनी मान खाली घातली आणि वळले. मी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या पकडीतून दंड सुटत नाही. फितीचं टोक माझ्या हातून निसटलं. आम्ही तिघं त्या गर्दीतून उलट्या दिशेनं चाललो. सगळी माणसं पुढे सरकत होती, आम्ही मागे. लोक वळून आमच्याकडे पाहत होते. एवढ्या लांबून पोचवायला येऊन बोट सुटायच्या आधीच निघून जाणारी ही कोण माणसं, असं त्यांना वाटलं असेल. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण आईनं माझी मानच दुसऱ्या हातानं पुढे धरून ठेवली होती.

धक्क्याच्या फाटकाबाहेर एक चहाची टपरी होती. तिथं बाकावर आम्ही बसलो. दादानं आम्हाला परतीच्या गाडीची नीट खूण सांगितली होती, आणि गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. चहा आला. चहा संपला. मग पुन्हा तसाच भोंगा झाला.

"हे दुसरी असन," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, तीच आहे. आई म्हणाली, गप्प बस. बँडचा आवाज अजून येतच होता. काही वेळानं तिसऱ्यांदा भोंगा झाला, आणि तेव्हा आई मडकं पुसत होती, ती थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मडकं पुन्हा पुसायला घेतलं. बोट आगगाडी नव्हे, तिचा पहिला भोंगा म्हणजे निघणं नव्हे, हे आम्हा तिघांपैकी कोणाला माहीत असणार? आमच्याकडे शिट्टी एकदा होते आणि गाडी हलते. त्या बाकावर मला आईचा जो राग आला, तो पुढे कितीतरी वर्षं गेला नाही. एवढं दही मांडीवर घेऊन आलीस, आणि त्याची टोपी बघायला थांबली नाहीस.

परतीच्या प्रवासात ती शांत होती. समाधानी म्हटलं तरी चालेल. "नीट झालं सगळं," असं ती बाबांना म्हणाली. घरी आल्यावर तिनं दिवस उलटेपर्यंत फड्याला हात लावू दिला नाही.

दादाची रंगीत कार्डं यायची. एकावर बोटीचंच चित्र होतं. ते आईनं देवळीच्या भिंतीला, देवांच्या शेजारी चिकटवलं. दिवा लावताना ती देवांना नमस्कार करी आणि मग बोटीलाही करी. आम्ही बाबा-लेक यावरून तिची थट्टा करायचो. पावसाळ्याच्या आधी बोट घरी वापस येणार होती.

आणि बोट आली. ऐन वैशाखात, दुपारच्या एसटीनं तो कोकणातला सोबती आला, आणि त्याच्या खांद्यावर दादाची पत्र्याची पेटी होती. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं नाही, इतका तो बुटका, तरी तो वाकून आला. बाबांनी पेटीकडे पाहिलं आणि खाटेवरून उठलेच नाहीत. आईनं त्याला पाणी दिलं. तो पाणी पिईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "सांग."

पोटात दुखायला लागलं म्हणे. दादाला वाटलं, कामाच्या धांदलीत वेळी-अवेळी खाल्ल्यानं असेल. ओवा खाऊन तो चुलीपुढे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ताप आला. बोटीवर डॉक्टर होता, त्यानं सुया दिल्या, आणि आतड्याचं दुखणं आहे, बंदरात उतरवून ऑपरेशन करावं लागेल म्हणाला. बंदर लांब होतं. पहाटे तो गेला.

"मग?" बाबांनी विचारलं.

सोबत्यानं तोंड पुसलं. "कापडात शिवतात, काका. वजन बांधतात. बोट थांबवत नाहीत, हळू करतात थोडी. प्रवासी झोपलेले होते. आम्ही भटारखान्यातले आणि दोन साहेब. मंत्र मला येत नव्हते. मी नुसते हात जोडले."

"कोन्या ठिकानी?"

"ठिकाण असं नाही, काका. पाणीच आहे सगळं."

बाबांनी तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. त्यांना जागा हवी होती. आमच्याकडे माणूस मेला तर नदीचा काठ असतो, अमक्या बाभळीजवळ असं बोट दाखवता येतं. त्या बिचाऱ्यानं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. आईनं डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि तिच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहून चीडही येत होती.

सोबत्याला आमच्यासाठी काहीतरी गोड बोलायचं होतं. माणसं अशा वेळी बोलतात तसं तो दादाच्या आठवणी सांगू लागला. साहेब लोकांना त्यानं झणझणीत आलूबोंडे कसे खाऊ घातले, ते सांगितलं. मग तो म्हणाला, "आणि मावशी, निघायच्या दिवशी तुम्ही लवकर निघून गेलात ना, त्याची तो गंमत सांगायचा. म्हणायचा, माझी माय सगळ्यांसमोर रडायला लागू नये म्हणून पळाली."

आईनं मान वर केली. "तो वर आला होता?"

"आला म्हणजे काय. पहिला भोंगा झाला तसा जिन्यावरून पळतच सुटला. पहिला भोंगा नुसता इशारा असतो, मावशी. बोट त्यानंतर तासभर तिथंच होती, ओढणारी बोट यायची होती. हा मागच्या कठड्याला उभा, टोपी हलवतोय. मी म्हटलं, अरे, कोणाला हलवतोस, तुझं कोणी दिसत नाही. तर म्हणे, असतील खांबामागं. मग बोट सुटली. मला हाक आली म्हणून मी खाली गेलो. हा शिव्या खाऊनसुद्धा वरच. किनारा दिसेनासा झाला तेव्हा खाली आला."

आई भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे पाहत होती.

"दिसेनासा होयेपर्यंत?" तिनं विचारलं.

"हो. पार रेघ पुसून जाईपर्यंत."

आई खाली बसली. मग बाबांना म्हणाली, अगदी हळू, रोजच्या आवाजात, "आपन नाई पाह्यलं तं तोच पाहत राह्यला. मी उभी राह्यली असती तं त्यानं एकडाव टोपी हालवली असती अन् खाली कामाले गेला असता."

नियम पाळूनही तो मोडला होता, आणि मोडायला तिनंच त्याला एकट्याला तिथं उभं केलं होतं, असं तिच्या मनानं घेतलं. पोटातल्या आतड्याचा आणि टोपीचा काय संबंध, हे तिला सांगायची ताकद आमच्यापैकी कोणातच नव्हती. मी तर तेव्हा सांगितलंही नसतं. मला वाटत होतं, बरोबर आहे, भोग आता. इतकी मी तिच्यावर चिडलेली होते.

देह नव्हता, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला. आमच्याकडे पळसाला काय तोटा. बाबा आणि काका बैलगाडीभर डहाळे घेऊन आले. भटजींनी सांगितलं तशी पानं मांडली. डोक्याच्या जागी नारळ. नदीकाठी तो पुतळा जाळला, आणि आता बाबांना बोट दाखवायला जागा झाली. पानं ओली होती, नीट पेटेनात, नुसता धूर झाला. घरी मागे राहिलेल्या बायकांनी पुतळा बाहेर काढल्या-काढल्या घर झाडून घेतलं. आई कोपऱ्यात बसून त्या फड्याच्या आवाजाकडे कान देऊन होती.

त्यानंतर आईचं वागणं उलटं झालं. आर्वीच्या स्टँडवर कोणाला पोचवायला गेली, की बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहायची. नंतरही उभी राहायची. बाबा चला म्हणायचे, तिला ऐकू यायचं नाही. पाहुणे, काकांची मुलं, शेजारच्या घरची सून, कोणीही असो. माणसं बसमधून मागे वळून पाहायची आणि त्यांना ती रस्त्यात उभी दिसायची. गावात लोकांना तिचं कौतुक वाटायचं, किती माया आहे बाईला. मलाही काही काळ तसंच वाटलं. तिला पश्चात्ताप झालाय, आता ती कोणालाही एकटं सोडत नाही, असं मी धरून चालले, आणि मनातल्या मनात तिला थोडी माफीही देऊन टाकली.

पुढे मी डी.एड. झाले आणि चंद्रपूरकडच्या एका गावी शाळेत मला नोकरी लागली. एकटी पोर एवढ्या लांब, यावर काकांनी पुष्कळ तोंड वाजवलं. आई एका शब्दानं आडवी आली नाही. घरात न्यायला दुसरी धड पेटी नव्हती, म्हणून दादाची पत्र्याची पेटी मी घासूनपुसून घेतली. आईनं पेटीकडे पाहिलं आणि तिच्यात माझी पातळं घडी करून ठेवू लागली.

निघताना दही-साखर झाली. दही गोड होतं. बाबा पेटी घेऊन स्टँडवर आले आणि मला बसवून परस्पर शेताकडे गेले. त्यांना निरोप झेपत नसे. आई खाली, खिडकीशी उभी. बस हलली तशी ती रस्त्याच्या मधोमध आली. मी मागच्या बाकावरून तिला पाहत होते. धुळीत ती लहान लहान होत गेली आणि हलली नाही. इतका वेळ माझ्याकडे तिनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

आर्वी मागे पडून थोडंच अंतर गेलं असेल, बसच्या पुढच्या भागातून वाफ येऊ लागली. ड्रायव्हरनं खाली उतरून पाहिलं, शिवी हासडली, आणि बस कशीबशी वळवून डेपोत परत आणली. दुसरी गाडी काढायला वेळ लागणार होता. पेटी कंडक्टरपाशी ठेवून मी घरी गेले. म्हटलं, चहा घेऊ, आईला हसवू. गाडी गोठ्यात वापस आली म्हणून.

दार उघडं होतं. अंगणात सडा पडलेला होता, अजून ओला. आत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत घर झाडलेलं. माझ्या शिदोरीचे शेव-चुरमुरे, मी सकाळी वेणी घातली ते केस, सगळं उंबऱ्यापाशी एका ढिगात लोटलेलं होतं. आणि त्या ढिगापाशी आई वाकलेली, हातात फडा.

तिनं मान वर केली. मला पाहून तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. फडा तिनं पाठीमागे नेला. लहान मूल चोरून खाल्लेलं लपवतं तसा.

तेव्हा मला कळलं, ती स्टँडवर इतकी वर्षं काय करत होती. कोणाची वाट बघायला नव्हती ती उभी राहत. जाणारा परत येणार नाही असं ती आधीच धरून चालली होती, आणि म्हणून शेवटचं पाहून घेत होती. काकांच्या मुलांना, पाहुण्यांना, मला. आम्हा सगळ्यांना तिनं एकेकदा उचलून दिलं होतं आणि मागून घर झाडलं होतं. सहा-सात वर्षांचा माझा राग त्या ओल्या अंगणात कुठे गेला, मला सांगता येणार नाही. मला फक्त तिची भीती दिसली. इतकी वर्षं ती तिच्या पोटात होती आणि मी तिला माया समजत होते.

"काऊन आली?" ती म्हणाली.

"बस बिघडली. आता दुसरी निघते."

मी आत गेले. चहा मागितला नाही, माठातलं पाणी प्याले. तिच्या हाताकडे पाहिलं नाही. ढिगातले दोन चुरमुरे माझ्या पायाला चिकटले ते तसेच राहू दिले. ती माझ्याकडे एकटक पाहत होती, आणि फडा अजून पाठीमागेच होता.

"येतो, माय," मी म्हटलं.

ती माझ्यामागून यायला निघाली, स्टँडवर. मी उंबऱ्यात तिला थांबवलं. दोन्ही खांद्यांना धरलं. लुगड्याखाली नुसती हाडं होती.

"येऊ नको तिथपर्यंत. पाठ कर."

तिला समजलं नाही. मग समजलं. ती मान हलवू लागली, नाही, नाही, मागच्या वेळी काय झालं, असं काहीतरी पुटपुटू लागली.

"मी पन पाहत नाई राहत," मी म्हटलं. "तू पाठ कर, मी जातो अन् दिवाळीले येतो. कर ना व, माय."

मग फडा तिच्या हातातून गळून पडला, आणि ती हळूहळू भिंतीकडे वळली, देवांच्या शेजारी चिकटवलेल्या त्या बोटीकडे. मी मागे न पाहता स्टँडवर गेले.